खोलवर रुजलेली लाज आणि व्यसनमुक्ती : लपवणे टप्प्याटप्प्याने कसे सोडावे

दारू, गोळ्या, जुगार, सिगारेट किंवा मोबाइलवरचा सट्टा यांपैकी कशातही अडकलेल्या माणसाला 'तुला लाज कशी वाटत नाही?' हा प्रश्न जितक्या वेळा ऐकावा लागतो, तितक्या वेळा दुसरा कोणताही प्रश्न क्वचितच विचारला जात असेल. त्याचे खरे उत्तर तो सहसा देत नाही. लाज वाटते, आणि इतकी वाटते की तिच्यापासून तासाभराची सुटका मिळावी म्हणूनच हात पुन्हा तिकडे जातो. नुसती लाज वाटून व्यसन सुटत असते, तर बहुतेकांचे व्यसन पहिल्याच वाईट सकाळी सुटले असते.

या लेखाचे मुख्य म्हणणे एकच आहे. आधी लाज जाईल आणि मग आपण मोकळेपणाने बोलू, असा क्रम मनात धरला तर बोलण्याची वेळ येतच नाही. म्हणून लाज वाटत असतानाच, थोड्या आणि सुरक्षित मापात, लपवणे कमी करत जायचे असते. प्रगती मोजायचीच असेल, तर एखादी गोष्ट घडणे आणि ती कुणाला तरी सांगणे यांमध्ये किती काळ जातो, हे पाहावे. व्यसनमुक्त दिवसांची संख्या महत्त्वाची आहेच, पण ती एका घसरणीने शून्यावर येते; हे अंतर मात्र घसरणीनंतरही पूर्वीपेक्षा कमी झालेले असू शकते, आणि तसे ते झाले असेल तर काहीतरी खरोखर बदलले आहे.

लाज व्यसनाला खतपाणी कसे घालते

आपण केलेली एखादी गोष्ट चुकली ही टोचणी आणि आपण माणूस म्हणूनच वाया गेलेलो आहोत ही खात्री, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला अपराधभाव म्हणता येईल आणि दुसरी म्हणजे ही खोलवरची लाज. अमेरिकी मनोविश्लेषक हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये हा फरक स्पष्टपणे मांडला आणि पुढे जून टँगनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर अनेक वर्षे संशोधन केले. २००५ मध्ये या गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लाजेकडे कल असणाऱ्यांमध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या समस्या अधिक आढळल्या, तर अपराधभावाकडे कल असणाऱ्यांमध्ये त्या कमी आढळल्या. टोचणी लागलेला माणूस माफी मागायला, पैसे परत करायला, निदान फोन उचलायला निघतो. आपणच मुळात खराब आहोत असे ज्याला वाटते, त्याच्याकडे दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही. त्याला फक्त लोकांच्या नजरेआड व्हायचे असते.

एक चक्र असे फिरते. सेवन होते, त्यानंतर स्वतःबद्दल किळस वाटते, ती असह्य झाल्यावर माणूस भेटीगाठी टाळू लागतो, एकटेपणात ताण वाढतो आणि त्या ताणावर ताबडतोब चालणारा एकच उपाय त्याच्या ओळखीचा असतो. लोक आपल्याला जोखत आहेत ही भावना शरीराला किती ताण देते, याचा पुरावा सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये मांडला. त्यांनी २०८ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची सर्वांत मोठी वाढ अशा प्रसंगांत दिसली, जिथे इतर लोक आपले मूल्यमापन करत असतात आणि परिस्थिती आपल्या हातात नसते. व्यसन असलेल्या माणसाचे घरी, कामावर आणि नातेवाइकांत वावरणे बहुतेक वेळा नेमके असेच असते.

अनेकांच्या बाबतीत ही लाज व्यसनाच्या कितीतरी आधीची असते. विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, मानसिक छळ, घरातले व्यसन अशा प्रतिकूल अनुभवांची नोंद घेतली होती. चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये मद्यासक्ती, अमली पदार्थांचे सेवन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट होता. लहान मुलाला घरात जे घडते त्याचा दोष मोठ्यांवर टाकता येत नाही, कारण त्याचे जगणेच त्यांच्यावर अवलंबून असते. म्हणून ते दोष स्वतःकडे घेते, आणि पुढे तोच समज पक्का होऊन बसतो. अशा माणसाला व्यसनाने दिलेली लाज नवी नसते, ती जुनीवर येऊन साचलेली असते.

सुरुवात करण्यापूर्वी : शरीराची सुरक्षितता

लाजेचा एक परिणाम थेट जिवावर बेततो, म्हणून तो आधी सांगायला हवा. कुणाला कळू नये म्हणून अनेक जण खोलीचे दार लावून, एकट्याने आणि एका झटक्यात सेवन थांबवतात. रोज मोठ्या प्रमाणात दारू पिणाऱ्याने असे केल्यास पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि साधारण दोन ते चार दिवसांत भ्रम, प्रचंड थरथर, ताप आणि बेभानपणा अशी गंभीर अवस्था उद्भवू शकते, जी उपचारांअभावी प्राणघातक ठरू शकते. बेंझोडायझेपिन गटातल्या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या अचानक बंद करणेही तितकेच धोक्याचे आहे. त्यांचा डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी करावा लागतो. हेरॉइन किंवा इतर अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत धोका वेगळ्या ठिकाणी असतो. काही काळ बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि नंतर घसरण झाली असता पूर्वीचाच डोस जीव घेऊ शकतो. लाजेपोटी माणूस त्या वेळी एकटा असेल, तर मदतीला हाक मारणारेही कुणी नसते.

म्हणून पहिली कबुली डॉक्टरांकडे द्यावी, आणि ती खऱ्या आकड्यांनी द्यावी. 'अधूनमधून घेतो' असे सांगितले तर उपचारही अधूनमधून घेणाऱ्याचे मिळतात. शेवटचे सेवन कधी झाले, रोज किती होते, सोबत कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि पूर्वी कधी फिट आली होती का, या चार गोष्टी कागदावर लिहून नेल्यास तोंडाने सांगण्याचे ओझे हलके होते; तो कागद नुसता पुढे केला तरी चालतो. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन यांसारखी औषधे सुचवली गेल्यास, 'औषधाने सोडले तर ते खरे सोडणे नव्हे' हा विचार मनात येईल. तो विचार लाजेचाच आहे आणि त्याचे ऐकून उपचार नाकारू नयेत.

आपण मेलेलेच बरे, आपल्यामुळे सगळ्यांना त्रास आहे, असे विचार येत असतील तर पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना, आपत्कालीन सेवेला किंवा सोबत बसू शकेल अशा माणसाला ते नेमक्या शब्दांत सांगावेत. तीव्र लाज आणि आत्महत्येचे विचार पुष्कळदा हातात हात घालून येतात, आणि नशेत माणसाचा स्वतःवरचा ताबा आणखी सुटतो.

पहिली पायरी : लाजेचे म्हणणे कागदावर उतरवणे

लाज धूसर असते तेव्हा तिचा जोर सर्वांत जास्त असतो. एक वही घ्यावी आणि आठवडाभर, तलफ आल्यावर किंवा सेवन झाल्यावर, मनात उमटलेले वाक्य जसेच्या तसे लिहावे. ते सभ्य भाषेत बदलू नये. 'मी वडिलांवरच गेलो', 'हिला खरं कळलं तर ही एक दिवस राहणार नाही', 'माझ्यासारख्यांचं असंच होतं' अशी वाक्ये निघतील. प्रत्येक वाक्याशेजारी तीन गोष्टी नोंदवाव्यात : त्याच्या आधी काय घडले, शरीरात काय जाणवले, आणि नंतर आपण काय लपवले. या तिसऱ्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पुढचे सगळे काम तिच्यावरच उभे आहे. रिकामी बाटली कुठे ठेवली, कोणता संदेश पुसला, कोणाचा फोन उचलला नाही, पगाराचा कोणता आकडा घरी सांगितला, हे सारे तिथे यावे.

त्यानंतर प्रत्येक वाक्य असे पुन्हा लिहावे, की त्यात आपण काय 'आहोत' याऐवजी काय 'केले' हे येईल. 'मी नालायक मुलगा आहे' याऐवजी 'आईच्या तपासणीच्या दिवशी मी येतो म्हणालो आणि गेलो नाही' असे लिहावे. दुसरे वाक्य वाचताना अधिक टोचते आणि टोचायलाच हवे. पण त्यावर काहीतरी करता येते. पहिल्या वाक्यावर काहीच करता येत नाही, आणि म्हणूनच ते एका परीने सोयीचेही असते, असे मला स्पष्टपणे वाटते. आपण मुळातच वाईट आहोत असे एकदा ठरवले की कोणत्याही एका कृत्याची जबाबदारी नेमकी घ्यावी लागत नाही.

हे लिहिताना मनातला सूरही तपासावा. करुणाकेंद्रित उपचारपद्धती विकसित करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांच्या लक्षात आले होते, की काही रुग्ण स्वतःबद्दलचे समतोल विचार अचूक मांडतात, पण मनातल्या मनात ते उच्चारताना सूर मात्र तिरस्काराचाच असतो. वाक्य बरोबर असूनही त्याचा उपयोग होत नाही, तो त्यामुळे. आपल्यासारख्याच अडचणीत सापडलेल्या जवळच्या मित्राला हे वाक्य आपण कोणत्या आवाजात सांगितले असते, याची कल्पना करून ते मोठ्याने वाचावे. सुरुवातीला हे खोटे वाटेल, आणि तरी चालू ठेवावे.

दुसरी पायरी : शरीराकडे पाहणे

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डॅनियल रँडल्स आणि जेसिका ट्रेसी यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतीच दारू सोडलेल्या माणसांना त्यांनी, शेवटी प्यायल्यावर वाईट वाटले तो प्रसंग सांगायला लावले आणि त्या वेळचे चित्रण केले. छाती आत घेणे, खांदे पाडणे अशी लाजेची देहबोली ज्यांच्यात अधिक दिसली, ते पुढच्या काही महिन्यांत पुन्हा पिण्याची शक्यता अधिक होती, आणि प्यायले तेव्हा ते जास्त प्यायले. प्रश्नावलीत लोकांनी स्वतःच्या लाजेबद्दल काय लिहिले, त्यावरून मात्र हे ओळखता आले नाही. आपल्याला किती लाज वाटते हे आपल्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाही, एवढे तरी यावरून धरून चालावे.

दिवसातून दोनदा, आणि विशेषतः कुणाशी अवघड बोलणे होणार असेल त्याआधी, मान कुठे झुकली आहे, श्वास छातीच्या वरच अडकला आहे का, नजर कुठे पळते आहे, हे पाहावे. पाय जमिनीवर टेकवून बसावे, श्वास सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा लांबवावा आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे दोन-तीन क्षण पाहण्याचा सराव करावा. ताठ बसल्याने लाज जाते असा याचा अर्थ नाही. लाजेची लाट वेळीच ओळखता आली, तर ती आणि हातातली पुढची कृती यांच्यात थोडा अवधी मिळतो, आणि या पायरीचे काम तेवढेच आहे.

तिसरी पायरी : एका माणसाला सांगणे

कुणाला सांगावे, हा निर्णय घाईने घेऊ नये. ज्याला सांगायचे तो गुप्तता पाळणारा हवा, ऐकून लगेच उपाय सुचवायला न धावणारा हवा, आणि आपल्या कृत्याने तो स्वतः फारसा दुखावलेला नसावा. म्हणूनच पती, पत्नी, आईवडील किंवा मुले ही पहिल्या कबुलीसाठी सहसा योग्य माणसे नसतात. त्यांच्याशी बोलणे आवश्यक आहे, पण ते पुढच्या टप्प्यावर. पहिल्यांदा समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ किंवा त्याच वाटेने आधी गेलेला कुणी निवडावा.

त्याच वाटेने गेलेल्या माणसाचे महत्त्व अल्कोहोलिक्स अनॉनिमस या मद्यासक्तांच्या स्वमदत चळवळीच्या इतिहासात स्पष्ट दिसते. मे १९३५ मध्ये, नुकतीच दारू सोडलेले बिल विल्सन अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात कामानिमित्त आले होते. काम फसले होते आणि हॉटेलच्या बारकडे पाय ओढत होते. त्यांनी तिथूनच फोन फिरवायला सुरुवात केली, आणि आपल्याला बोलायला दुसरा एखादा मद्यासक्त माणूस हवा आहे, असे सांगितले. त्यातून त्यांची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली आणि या दोघांच्या बोलण्यातून पुढे ही चळवळ उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्यांपैकी पाचवी पायरी आपल्या चुकांचे नेमके स्वरूप आणखी एका माणसासमोर कबूल करण्याची आहे. तिथली ईश्वराची भाषा सर्वांना रुचतेच असे नाही, आणि ज्यांना रुचत नाही त्यांच्यासाठी इतर स्वमदत गट आहेत. पण एका माणसासमोर नेमके बोलणे, हा गाभा कोणत्याही पद्धतीत टाळता येत नाही.

सांगताना वहीतली सर्वांत अवघड नोंद आधी काढू नये. मध्यम वजनाची एक नोंद निवडावी, भेटीची वेळ ठरवून घ्यावी आणि सुरुवातीलाच काय हवे आहे ते सांगावे : 'मला एक गोष्ट सांगायची आहे. सल्ला नको आहे, फक्त शेवटपर्यंत ऐका.' मग ती गोष्ट चार-पाच वाक्यांत सांगावी. विनोद करून ती हलकी करू नये आणि रंगवून भयंकरही करू नये. सांगून झाल्यावर घरी परतताना किंवा त्या रात्री बहुधा पश्चात्ताप होईल, 'उगाच बोललो, आता तो काय म्हणत असेल' असे वाटेल. हे अपेक्षितच आहे, आणि म्हणून त्याच भेटीत दुसऱ्या दिवशीच्या एका छोट्या फोनची वेळ ठरवून ठेवावी. त्या फोनवर आवाज कालच्यासारखाच आहे हे कळणे, हा या पायरीतला सर्वांत मोलाचा भाग असतो. ऐकणाऱ्याने थट्टा केली, उपदेश केला किंवा बोलणे बाहेर नेले, तर निवड चुकली असे समजून दुसरा माणूस शोधावा; तोंड मिटून बसण्याचा कौल त्यातून काढू नये.

बोलूनही लाज लगेच उतरली नाही, तर निराश होऊ नये. जेसन लुओमा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये निवासी उपचार घेणाऱ्या १३३ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत, लाजेला हुसकून न लावता ती असतानाही आपल्या मूल्यांप्रमाणे वागायला शिकवणारी एकूण सहा तासांची सत्रे दिली गेली. या गटातल्यांची लाज उपचारांच्या शेवटी तुलनेने कमीच उतरली होती. चार महिन्यांनी मात्र तीच अधिक उतरलेली आढळली, त्यांच्या सेवनाचे दिवसही कमी होते आणि पुढच्या उपचारांना ते अधिक नियमाने जात होते. उपचारकेंद्रातून बाहेर पडताना एकदम निर्मळ वाटणे हे चांगलेच लक्षण असते, असे समजू नये.

बालपणातल्या अत्याचारासारख्या जखमा असतील, तर त्या गटात किंवा मित्रापाशी प्रथम उघडू नयेत. त्यासाठी आघातावरील उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला तज्ज्ञ हवा, आणि सेवन काहीसे आटोक्यात आल्यावर, त्याच्याशी विचारविनिमय करून, ठरलेल्या गतीनेच तिकडे वळावे.

चौथी पायरी : घसरणीनंतरचे पहिले चोवीस तास

सगळ्यांत काळजीपूर्वक तयारी करायला हवी ती या पायरीची, आणि ती घसरण होण्याआधी करायला हवी. ॲलन मार्लाट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, एक घोट किंवा एक डाव यामुळे पूर्ण पुनरावृत्ती होतेच असे नाही. माणूस त्या एका घटनेचा अर्थ काय लावतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. 'त्या लग्नात थांबायला नको होते, तिथे माझी तयारी नव्हती' असा अर्थ लावणारा दुसऱ्या दिवशी सावरू शकतो. 'मी असाच आहे, माझ्याने काही होणार नाही' असा अर्थ लावणाऱ्याला थांबण्याचे कारणच उरत नाही, आणि एका रात्रीचे आठवडे होतात. त्या आठवड्यांतला बराचसा काळ पिण्याच्या इच्छेपेक्षा तोंड दाखवण्याच्या भीतीमुळे लांबतो.

म्हणून शुद्धीत आणि शांत मनाने असताना एक संदेश लिहून फोनमध्ये तयार ठेवावा, आणि तो कोणाला जाईल हे त्या माणसाला आधीच सांगून ठेवावे. तो असा असू शकतो : 'मी प्यायलो आहे. आत्ता घरी आहे, एकटा आहे. उरलेली अजून ओतून टाकलेली नाही. फोन कराल का?' या संदेशात माफी नाही, कारण नाही आणि यापुढे कधीही पिणार नाही असे वचनही नाही. त्या वेळी दिलेले वचन स्वतःची सुटका करून घेण्यासाठी असते आणि दुसऱ्या दिवशी तेच नव्या लाजेचे कारण बनते. उरलेली अजून जवळ आहे, हे मात्र सांगायलाच हवे, कारण पुढचा धोका तिथेच आहे.

संदेश गेल्यावर ती जागा सोडावी किंवा कुणाला तरी जवळ बोलवावे, पाणी प्यावे, काही खावे, गाडी चालवू नये. त्या रात्री जोडीदाराशी सविस्तर बोलणे, जुन्या लोकांना माफीचे फोन करणे, नोकरी सोडण्याचा किंवा घर सोडण्याचा निर्णय घेणे, हे काहीही करू नये. दुसऱ्या दिवशी गटाच्या सभेला किंवा समुपदेशकाकडे जावे, नेहमीच्या वेळेला जावे आणि मागच्या रांगेत बसायचे असले तरी जावे. अफूजन्य पदार्थ किंवा मोठ्या प्रमाणातली दारू असेल, तर डॉक्टरांनाही कळवावे. घटनेची साखळी तपासण्याचे काम एक-दोन दिवसांनी, झोप झाल्यावर करावे : आदल्या दिवशी काय घडले होते, कोणती सभा चुकवली होती, कोणती गोष्ट आठवडाभर कुणालाच सांगितली नव्हती. ही शेवटची नोंद बहुतेक वेळा भरलेली निघते.

घसरणीने सारे संपत नाही, याचा दाखला त्याच चळवळीच्या प्रारंभात आहे. बिल विल्सन यांची भेट झाल्यावर डॉ. बॉब यांनी दारू सोडली होती. मात्र काही दिवसांनी ते एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे पुन्हा प्यायले. परतल्यावर त्यांनी पुन्हा सुरुवात केली. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या पेयाचा दिवस मानला जातो, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसची स्थापनाही त्याच दिवसापासून मोजली जाते.

पाचवी पायरी : भरपाई

अपराधभावाला कृतीत उतरवण्याची ही जागा आहे, आणि ती फार लवकर घेतली तर बिघडते. सेवन काही महिने थांबलेले असावे आणि समुपदेशकाशी किंवा गटातल्या मार्गदर्शकाशी त्यावर बोलणे झालेले असावे. ज्या कबुलीने समोरच्याला किंवा तिसऱ्या कुणाला नवी इजा होईल, ती देऊ नये. बारा पायऱ्यांतल्या नवव्या पायरीतही हा अपवाद स्पष्ट आहे.

माफी मागताना आपल्या यातनांचे वर्णन करू नये, कारण मग समोरच्यालाच आपले सांत्वन करावे लागते. बहिणीशी बोलायचे असेल तर असे बोलावे : 'ताई, तुझ्या कपाटातले पैसे मीच घेतले होते. तू धाकट्यावर संशय घेतलास, तेव्हा मला सगळं माहीत असून मी गप्प बसलो. दर महिन्याला थोडे थोडे परत करायचं ठरवलं आहे, ही पहिली रक्कम. धाकट्याला मी स्वतः सांगणार आहे.' त्यानंतर गप्प बसावे. ती रागावली, रडली किंवा उठून गेली, तर तो तिचा अधिकार आहे. क्षमा मिळाली तरच भरपाई पूर्ण झाली असे धरले, तर आपली स्थिरता पुन्हा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर टांगली जाते. दुसऱ्या महिन्याचा हप्ता वेळेवर देणे मात्र आपल्या हातात असते.

घरच्यांनी काय करावे

घरच्यांचा राग खरा असतो आणि तो गिळून टाकावा असे कुणी सांगू नये. प्रश्न एवढाच आहे, की तो कोणत्या वाक्यातून बाहेर पडतो. 'तुला बाप म्हणवून घ्यायची लाज वाटत नाही का?' या वाक्याने माणूस आत मिटतो. 'काल रात्री तुम्ही आलात तेव्हा मुलं जागी होती आणि घाबरली होती. तुम्ही पिऊन याल त्या रात्री मी त्यांना घेऊन माहेरी जाणार आहे' या वाक्यात अपमान नाही, आणि तरी ते कितीतरी कठोर आहे. असे बोलणे नशा उतरल्यावर, मुलांसमोर नव्हे, आणि ठरवून करावे. कामावर खोटी कारणे कळवणे, देणी गुपचूप फेडणे हेही थांबवावे, कारण त्यामुळे घरसुद्धा लपवण्यात सामील होते. मारहाण होत असेल, तर संवादाचे कोणतेही तंत्र वापरत बसू नये. आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी न्यावे.

उपचार नाकारणाऱ्यांच्या घरच्यांसाठी रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केलेल्या पद्धतीत नेमके हेच शिकवले जाते : शुद्धीतल्या वागण्याला प्रतिसाद द्यायचा, नशेतल्या वागण्याचे नैसर्गिक परिणाम होऊ द्यायचे आणि योग्य क्षणी उपचारांचा विषय काढायचा. १९९९ च्या एका तुलनात्मक अभ्यासात या पद्धतीने ६४ टक्के व्यक्ती उपचारांपर्यंत पोहोचल्या. कुटुंबीयांनी एकत्र जमून व्यसनी व्यक्तीला एकदम सामोरे जाण्याची तयारी करून घेतलेल्या गटात हे प्रमाण ३० टक्के होते, तर अल-अ‍ॅनॉनच्या म्हणजे मद्यासक्तांच्या कुटुंबीयांच्या स्वमदत गटाच्या धर्तीवर स्वतःला सावरण्यावर भर देणाऱ्या गटात १३ टक्के.

व्यसन असलेल्या स्त्रियांबाबत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्यांच्यावर, विशेषतः आयांवर, समाज दुप्पट कठोरपणे बोट ठेवतो आणि मुले हिरावली जातील ही भीतीही असते, त्यामुळे त्या अधिक काळ आणि अधिक एकांतात लपवतात. अशा घरात पहिले आश्वासन हे असावे, की उपचार घेतल्याने तिचे आईपण कुणी काढून घेणार नाही, आणि ते पाळता येणार नसेल तर देऊ नये.

कुणी आपल्यापाशी कबुली दिली तर

ही वाट चाललेल्यांवर काही काळाने दुसऱ्याचे ऐकण्याची वेळ येते, आणि मित्र, भाऊ, सहकारी म्हणून ती कुणावरही येऊ शकते. ऐकताना चेहऱ्यावर धक्का दिसला तर तो नाकारू नये, पण नजर हटवू नये. 'एवढं काही नाही रे, सगळेच करतात' असे म्हणून ती गोष्ट पुसून टाकू नये, कारण सांगणाऱ्याला ती मोठी आहे हे ठाऊक असते. लगेच आपली कहाणी सुरू करू नये. जिवाला धोका आहे का, आज रात्री तो कुठे असेल आणि उरलेली वस्तू जवळ आहे का, हे सरळ विचारावे. गुप्तता पाळण्याचे वचन देताना, जिवाचा प्रश्न आला तर मी इतरांची मदत घेईन, हेही तिथेच सांगावे. मग उद्या किती वाजता फोन करायचा ते ठरवावे, ती वेळ त्याच्यासमोर फोनमध्ये नोंदवावी, आणि उद्या त्या वेळेला फोन आपण करावा, त्याच्या फोनची वाट पाहू नये.